अध्यक्षांनी मला सांगितलेला पिक्चर

मला मल्याळी येत नाही. शारजाच्या औद्योगिक भागात गॅरेजात उभी हयात मल्याळ्यांच्या खांद्याला खांदा लावून गाड्यांचे पत्रे ठोकले, त्यामुळे पाना दे, जॅक लाव, चहा आला, एवढं समजतं. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येतात ती वाचता येत नाहीत. चौथीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही. तर असल्या माणसाला कोर्टातला मल्याळी पिक्चर दाखवायला नेण्यात काय शहाणपण होतं, ते आमच्या सुनेलाच ठाऊक.

"अब्बा, घरात बसून बसून तुम्ही आजारी पडाल," ती म्हणाली. बायको गेल्यापासून माझ्या आजारी पडण्याची सगळ्यांना फार काळजी. बायको आजारी होती तेव्हा ही काळजी कुठं गेली होती, देव जाणे.

तिकिटं काढली होती आमच्या गावच्या कमिटीच्या अध्यक्षांनी. हे परदेशातल्या लोकांनाच कळेल. आमचं गाव रत्नागिरीकडं समुद्राला लागून आहे, पण गावाचा कारभार चालतो दुबईतून. गावातली विहीर कुठं खणायची, कुणाचा तलाक मिटवायचा, मदरशाचं छप्पर कधी बदलायचं, सगळं इथं अल बर्शा भागातल्या कुणाच्या तरी हॉलमध्ये बिर्याणी खाता खाता ठरतं. गावात राहणाऱ्यांना मग फोन जातो. इथं कोणी मेलं तर मयतीचं सगळं कमिटीच करते. माझ्या बायकोचंही त्यांनीच केलं. कागद, गाडी, कबर. अध्यक्षांनी स्वतः खांदा दिला. ते मी विसरत नाही, आणि ते मला विसरूही देत नाहीत.

आता मधली गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या साडूची पोरगी. तिची आई लहानपणीच गेली, म्हणून तिच्या खालानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला आपली मानली. बायको आंब्याच्या दिवसांत गावी गेली होती. एका दुपारी पोरगी परसात दगडी पाळीला टेकून बसलेली तिला दिसली, ओढणी नाही, पायात काही नाही. बायकोनं तिला पाणी पाजलं, आपली चादर पांघरली आणि रिक्षात घालून सरळ पोलीसठाण्यात नेली. आधी ठाणं, मग घर. गावानं तिला हेच माफ केलं नाही. "आधी घरात सांगायचं होतं, आपसात बघितलं असतं," म्हणतात. आपसात बघायला काय, वाटणीचं कुंपण होतं?

ज्यानं केलं तो अध्यक्षांचा सख्खा पुतण्या. आणि माझा मुलगा अध्यक्षांच्याच कंपनीत स्टोअर सांभाळतो. झालं.

बायको साक्षीदार होती. दर तारखेला इथून विमानानं जायची. कोर्टाच्या दाराबाहेर लाकडी बाकावर दिवसभर बसायची आणि परत यायची. कधी वकील आजारी, कधी जज्जसाहेबाची बदली, कधी आरोपीच्या पोटात दुखतंय. तिची साक्ष झालीच नाही. छातीत दुखायला लागलं आणि खलास, दवाखान्यातून ती घरी आलीच नाही. मी सरकारी वकिलाला फोन करून विचारलं, तिनं पोलिसांना सगळं सांगितलंय की, ते वाचा. तो म्हणाला, "काका, पोलिसांपुढचा जबाब म्हणजे साक्ष नव्हे. साक्ष जिवंत माणसाची." म्हणजे माझी बायको मेली तेव्हा त्या पोरीचं अर्धं खरं तिच्याबरोबर पुरलं गेलं. आता उरली ती एकटी पोरगी. पुढच्या तारखेला तिलाच पिंजऱ्यात उभं राहायचंय.

थिएटरात अध्यक्ष माझ्या शेजारी बसले. धंदा केरळवाल्यांबरोबर, त्यामुळे मल्याळी त्यांना घरच्यासारखी. "चाचा, मी सांगतो तुम्हाला एकेक," म्हणाले, आणि माझ्या कानाशी तोंड आणून सगळा पिक्चर सांगायला लागले. त्यांच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता.

पिक्चरमध्ये कपड्याच्या दुकानातली एक पोरगी. तिच्यावर मालकाच्या मुलानं हात टाकलेला. कोर्ट मोठं, स्वच्छ, पंखे सगळे चालू. गर्दीनं भरलेलं. खऱ्या कोर्टात असल्या केसला दार बंद करतात, बाहेरचं माणूस आत घेत नाहीत. पण पिक्चरला टाळ्या वाजवणारे लागतात ना.

"वकील विचारतोय, तू दुसऱ्या दिवशी कामाला कशी गेलीस?" अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले.

"आणि ती?"

"ती म्हणते, सुट्टी कुणाकडं मागायची, आणि काय सांगून?"

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला. मी अंधारात बघितलं, माणूस खरंच रडत होता. ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर मला बरं वाटलं असतं.

"ती म्हणते, मी खोटं बोलत नाही," रुमालातून म्हणाले. "म्हणते, मला विचारताय तसं त्याला विचारा."

मग एक सीन आला. पोरीच्या घरी चार मोठी माणसं आली. पांढरेशुभ्र कपडे, मिठाईचा पुडा. एकानं तिच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश बोलायला लागला. इथं माझ्या कानातला आवाज बंद झाला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही चाचा. घरगुती बोलणं चाललंय."

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं मिठाईचा पुडा उचलला, त्या माणसाच्या मांडीवर ठेवला आणि एकच शब्द बोलली. "वेंडा."

हा शब्द मला येतो. गॅरेजात दिवसातून कितीदा ऐकला असेल. साखर घालू? वेंडा. हा स्क्रू? वेंडा. नको. अध्यक्षांनी त्याचा अर्थ मला सांगितला नाही. पुढच्या सीनला आवाज पुन्हा चालू झाला.

शेवटी पोरगी जिंकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी तर उभं राहून वाजवल्या.

बाहेर पडल्यावर सून आणि मुलगा गाडी काढायला गेले. अध्यक्षांनी मला जवळच्या कॅफेटेरियात नेलं, कडक चहा मागवला. डोळे अजून लाल.

"काय पिक्चर होता चाचा! असं पाहिजे. बाईच्या जातीला न्याय मिळालाच पाहिजे."

"मिळाला की पिक्चरमध्ये."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तारीख जवळ आलीय. पोरगी आता फक्त तुमचं ऐकते. एक शब्द टाका. तिचं लग्न कमिटी लावून देईल, चांगल्या घरात. पुतण्याला आम्ही इकडं आणू, गावात दिसणार नाही. गावाची अब्रू राहील. तुमच्या मुलाचंही मी बघतोच आहे, इन्शाल्ला पुढं आणखी बघू."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. अगदी पिक्चरमधल्यासारखा. माणसाला स्वतःचा सीन ओळखता येत नाही.

मी म्हटलं, "वेंडा."

"काय?"

"तू सांगितला नाहीस तेवढाच शब्द मला कळला. वेंडा."

तिथंच बसून मी पोरीला फोन लावला. स्पीकर चालू केला. ती म्हणाली, "खालू, तुम्हीपण तेच सांगायला फोन केलात ना?" एवढी माणसं तिला तेच सांगून गेली होती.

"नाही बाय. तारखेला जा. मी येतोय."

"तुम्हाला आत घेणार नाहीत."

"ठाऊक आहे. बाहेर बाक आहे ना?"

"आहे. खाला बसायची तो."

अध्यक्ष उठले. चहा तसाच ठेवून गेले.

घरी मुलगा माझ्यावर ओरडला. नोकरी जाईल, गावात तोंड दाखवायला जागा नाही, आणि शेवटी म्हणाला, "उद्या तुम्हाला काही झालं तर खांदा द्यायला कोण येणार?" म्हटलं, कोणी नको यायला. अनोळखी माणसं उचलतील. तुझ्या आईला ओळखीच्यांनीच उचललं होतं, आणि कबरीवरची माती वाळायच्या आत तिच्या पोरीला गप्प करायला निघाले. नात मधेच मला म्हणाली, "दादा, इट्स ओन्ली अ मूव्ही." तिला कोण सांगणार.

तिकीट मी काढलंय. मुलानं दारात उभं राहून विचारलं, परत कधी येणार. त्याला म्हटलं, वकील आजारी पडला, साहेबाची बदली झाली, तर पुढच्या तारखेपर्यंत तिथंच आहे. आणि त्याच्या पुढच्या.