केरातून काढलेली पट्टी

तर ती पट्टी मी केरात टाकली, इथवर काल आलो होतो. मला काय ठाऊक! फिल्मची पट्टी पिवळट-हिरवी, फिकट. म्हटलं, गेली कामातून.

आमची सूनबाई दवाखान्यात कंपाउंडर. मोजमापात हात असा, की काट्यानं तिच्याकडून शिकावं. काळ्यापांढऱ्या फोटोंचा नाद तिला लहानपणापासून. तिच्या थोरल्या भावानं ओतकारखान्यात भट्टीवर तीस वर्षं काढली. भट्टी कायमची विझायच्या दिवशी तिनं त्याचे भट्टीपुढे फोटो काढले. रोल एकच. नेहमीच्या औषधात फिल्म धुतली तर चेहरा येतो, पण ज्वाळेचं नुसतं पांढरं डबकं होतं. तिला दोन्ही हवं होतं. म्हणून फिल्मवर डाग सोडणारी दोन औषधं तिनं घरीच कालवली, एक पायरोगॅलॉलचं, एक कॅटेकॉलचं. पण रोल कशात धुवायचा?

आधी वेगळ्या फिल्मवर चाचणी. तिनं आमच्या चिरंजीवांना पेटत्या विजेच्या दिव्याला खेटून बसवलं.

“हलू नका!”

“अगं, कान भाजतोय!”

“दुसरा आहे ना?”

मग न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून, हातमोजे घालून तिनं फिल्मचे दोन तुकडे दोन औषधांत धुतले. कॅटेकॉलची पट्टी गडद, ठसठशीत. पायरोची ती फिकट. घरानं एकमतानं गडद पट्टीला कौल दिला आणि मी, शहाणा, दुसरी केरात टाकली.

सूनबाईनं ती बटाट्याच्या सालांखालून काढली, धुतली.

“बाबा, नजर फसते. हा डाग डोळ्याला फिका दिसतो, पण कागदावर पडणारा उजेड गाळणीसारखा गाळतो. कागदावर उतरल्याशिवाय मी कुणाचं ऐकायची नाही.”

“पोरी, भावाची भट्टी आहे. हट्ट नको.”

“भावाची आहे, म्हणूनच हट्ट.”

कागदावर दोन्ही पट्ट्या उतरल्या. गडद पट्टीतला दिवा म्हणजे चुन्याचा ठिपका. फिकट पट्टीत दिव्यातली केसाएवढी तारसुद्धा दिसली, आणि चिरंजीवांचा कान इतका स्वच्छ, की आतला मळ मोजावा! रोल पायरोतच धुतला.

रविवारी भाऊ आला. फोटो मांडीवर घेऊन बसला. ज्वाळेची जीभन् जीभ वेगळी, आणि शेजारी त्याचा घामेजला चेहरा. मग म्हणाला, “माझ्या कपाळावर इतक्या आठ्या आहेत?”

सूनबाई म्हणाली, “आहेत, दादा. मोजून घे. एक जरी कमी भरली ना, तर भट्टी परत पेटवायला लावीन.”