एका चेहऱ्याच्या बारा काचा

परवा जावई बोलपट बघून आले आणि जेवताना मला समजावू लागले, की नाटकाचं चित्र करणं म्हणजे महाकठीण काम, ही विद्या आपल्याकडे आत्ता कुठे येतेय. मी त्यांना वरण वाढलं आणि म्हटलं, "ही विद्या कल्याणात माझ्या चुलीशेजारी झाली. तेव्हा तुमचं बारसंही झालं नव्हतं." जावई हसले. त्यांना थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, म्हणून लिहून ठेवते.

आमचे हे कल्याणात मास्तर होते. मुंबईहून त्यांनी कोणाचा तरी जुना जादूचा कंदील आणला होता. पत्र्याची पेटी, आत घासलेटचा दिवा, पुढे भिंग. काचेवर काढलेलं चित्र दिव्यापुढे सरकवलं, की समोरच्या पांढऱ्या कापडावर ते पुरुषभर मोठं होऊन दिसायचं. कंदील यांचा, पण काचा माझ्या. रांगोळीने माझा हात बसलेला होता आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याने मी पापणीसुद्धा वेगळी काढत असे. लोक म्हणायचे, मास्तरांची चित्रं काय सुरेख! मी ऐकून घेत असे. तेव्हा घेत असे.

त्या साली गावातल्या हौशी मंडळींचं एक संगीत नाटक फार गाजलं. एका सावकाराच्या बायकोवर रत्नहार चोरल्याचा आळ येतो. भर दरबारात नवरा, दीर, प्रधान सगळे तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात आणि शेवटी ती म्हणते, "माझ्याविषयी सगळे बोलले. आता मी बोलते." आणि बोलायच्या ऐवजी एक लांबलचक पद म्हणते! ही नायिका म्हणजे कचेरीतला एक कारकून होता. बायकांनी रंगभूमीवर जायचं नाही, तेव्हा बाई व्हायला पुरुषच. आम्हा बायकांपेक्षा आपल्याला लुगडं चांगलं शोभतं, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. आम्ही बायका ते सगळं बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून बघायचो. मी तीनदा बघितलं.

हे नाटक कंदिलावर आणायचं यांनी ठरवलं आणि आम्ही पहिली चूक केली. जसं बघितलं तसंच काढलं. प्रत्येक काचेवर अख्खी रंगभूमी, मागचा बागेचा पडदा, दोन्ही बाजूंच्या झालरी, अगदी कोपऱ्यातली तबलजीची पगडीसुद्धा. माणसं मात्र अंगठ्याच्या पेराएवढी. एकेका काचेला मला आठ आठ दिवस लागले. बोलायला आणि गायला कारकून पडद्यामागे उभा राहणार होता.

शाळेच्या मोठ्या खोलीत प्रयोग झाला. दरबार आला, पद सुरू झालं. नाटकात कारकून मान वेळावायचा, पदर सावरायचा, डोळे टिपायचा. इथे चित्र जागचं हलेना. लोक खोकू लागले. मागून एकाने विचारलं, "मास्तर, बाईंचा डोळा लागला का हो?" कारकून कसला थांबतो? एकेक तान मोजून मापून घेत होता. पेटीतला दिवा तापत चालला होता. एकदम ताडकन आवाज झाला आणि काच तडकली. नायिकेचे खांद्यापासून कमरेपर्यंत दोन तुकडे. लोक पोट धरधरून हसले.

"फुटली ती तुमची काच, माझं गाणं नव्हे," असं म्हणून कारकून निघून गेला. तो खरं बोलत होता, याचाच मला जास्त राग आला.

सकाळी ते तुकडे उचलताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाटकात नट हलतो, आपण बसतो. इथे त्याला हलता येत नाही, तर मग आपणच जवळ जायला हवं. चिकाआड बसून तीनही वेळा मला तेच वाटलं होतं, की आळ येतो तेव्हा हिचा चेहरा कसा झाला असेल, कोणी मला जवळ नेऊन दाखवेल का! मग मी तेच केलं. पूर्ण काचेवर नुसता चेहरा. एकात डोळे खाली, एकात ओठ आवळलेले, एकात नजर समोर. अशा बारा काचा. प्रत्येक काचेला नायिकेचं एक वाक्य. पद काढून टाकलं.

सासरे, म्हणजे आमचे मामंजी, त्या काचा बघून म्हणाले, "धड कुठे आहे? सूनबाई, घरात राहूची पूजा मांडायची आहे का?" कारकुनाने निरोप पाठवला, की पद नाही तर तो नाही. आता नायिकेचं कोण बोलणार? यांनी प्रयत्न केला. जन्मभर पाढे म्हणवून घेतलेला आवाज. यांची नायिका वर्गाची हजेरी घेत असल्यासारखी वाटायची.

"मी बोलते," मी म्हटलं.

यांनी आधी दाराकडे पाहिलं. "अगं, बाबा काय म्हणतील?"

"अंधारात कापडामागे कोण बघतंय मला?"

"ऐकतील तर!"

"अहो, ऐकावं म्हणूनच बोलायचं असतं."

शेवटी हे कबूल झाले, पण एका अटीवर. आवाज कोणाचा ते कोणाला कळता कामा नये. कळलं असतं तर मामंजींनी कंदील विकला असता आणि माझा कुंचला चुलीत गेला असता. म्हणून प्रयोग कल्याणात न करता ठाण्याजवळ माजिवड्याला ठरवला, मिठागरं असलेल्या एका आगरी कुटुंबाच्या खळ्यात. त्यांच्याकडे लग्न होतं. काचांची पेटी गोधडीत गुंडाळून बैलगाडीत मी मांडीवर घेतली. गाडीला हिसका बसला की मी ती छातीशी घट्ट धरायचे. मामंजीही मानाचे पाहुणे म्हणून आलेच; पण घरात मी त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते, तेव्हा ते आवाज ओळखतील ही भीती नव्हती. कारकूनही आला होता, आमची फजिती बघायला.

तिथे बायका चिकाआड नव्हत्या. मिठागरात राबणाऱ्या त्या बायका चटया टाकून सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या. पडद्यावर पहिला चेहरा आला, खळ्याएवढा मोठा, आणि त्यांची कुजबूज थांबली. मी कापडामागून म्हटलं, "माझ्याविषयी सगळे बोलले. आता मी बोलते." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. काच सरकली, वाक्य गेलं. काच सरकली, वाक्य गेलं. बाराव्या काचेपर्यंत कोणी खोकलं नाही.

मग ओरडा झाला. वन्समोअर! वन्समोअर!

वन्समोअर आला की नटाने पुढे यायचं, हात जोडायचे आणि पुन्हा म्हणायचं, ही रीत. नाटकात या प्रवेशाला दर प्रयोगात वन्समोअर ऐकलेला कारकून आपसूकच उठला, चालत पडद्यापुढे गेला आणि हात जोडून उभा राहिला. त्याच्या पागोट्याची सावली मी रंगवलेल्या चेहऱ्यावर पडली. लोकांना वाटलं, हाच बोलत होता. कापडाच्या कडेने मी पाहिलं, मामंजी कौतुकाने मान डोलावत होते. आमचे हे कंदिलाची वात नीट करत राहिले.

मी गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. घरात शांतता, कंदील शाबूत, कुंचला शाबूत. मला हे चांगलं कळत होतं. पण अंगाची लाहीलाही झाली. रंग माझा, आवाज माझा, आणि मुजरा यानं घ्यायचा? तो लवून मुजरा करत होता, तेवढ्यात मी मागून खणखणीत म्हटलं, "माझ्याविषयी सगळे बोलले. आता मी बोलते."

कारकुनाचे ओठ मिटलेले होते. सगळ्यांनी बघितलं. पुढच्या चटईवरची एक म्हातारी टाळी वाजवून ओरडली, "अगो, यो तं बोललाच नाय! मागं बाय हाय, बाय!"

मामंजी वळून यांच्याकडे बघू लागले. आता हे काय म्हणतात, याची मी कापडामागे वाट पाहत होते. हे घसा खाकरून कारकुनाला म्हणाले, "राव, जरा बाजूला व्हा. तिचा चेहरा दिसत नाहीये." आणि त्यांनी पहिली काच पुन्हा दिव्यापुढे सरकवली.

मामंजी उठून बाहेर गेले. आणखी कोणी उठलं नाही. बाराही वाक्यं मी पुन्हा म्हटली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.