जांभळं कार्ड

सेलिनने आयुष्यात एकही ग्रीटिंग कार्ड विकत घेतलं नाही. ती वसई पूर्वेला पुठ्ठ्याच्या एका गाळ्यात कामाला होती. तिथे मशीनखाली डायने, म्हणजे धारदार साच्याने, पुठ्ठा कापला जाई आणि कापलेले आकार आजूबाजूच्या पुठ्ठ्यातून सोडवायचं काम बायकांकडे असे. शर्टाच्या कॉलरखालच्या पट्ट्या, मिठाईच्या खोक्यांच्या खिडक्या, स्केचपेनच्या पाकिटावरची चांदणी. आकार मालाचे, भोकं पडलेला पुठ्ठा भंगाराचा. त्यातला बरासा तुकडा दिसला की ती मालकाला विचारून पिशवीत घाली. भंगारालाही विचारून हात लावणारी बाई म्हणून मालक तिला हसत असे.

घरी तो पुठ्ठा कोऱ्या कार्डावर ठेवायचा, जुना टूथब्रश रंगात बुडवायचा आणि कंगव्यावर घासायचा. रंगाचे बारीक शिंतोडे उडत आणि पुठ्ठा उचलला की खाली चांदणी हजर. कॉलरच्या पट्टीचं भोक उलटं धरलं की देवदूताचे पंख होत. देवदूत जरा लठ्ठ दिसे, पण आमच्या आळीत तशीही हडकुळी माणसं कमीच होती. दर नाताळला प्रत्येक घरी तिचं कार्ड जाई.

वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरात नाताळला गोडधोड होत नाही, दारात चांदणी लागत नाही. त्या घराला सेलिन जांभळं कार्ड करी. त्यावर मिठाईच्या खोक्याच्या खिडकीच्या भोकातून उमटवलेली एकच ज्योत, शुभेच्छा वगैरे काही नाही. जांभळा रंग ब्रशमधून धुऊन निघत नसे, म्हणून ही कार्डं ती नोव्हेंबरातच एका बैठकीत उरकी आणि पाकिटांवर नावं घालून घरांच्या क्रमाने लावून ठेवी.

तिचा नवरा प्लासिड आणि धाकटा दीर फेबियन एकमेकांशी बोलत नसत. विहीर एक, पंप एक, दोघांच्या केळी त्याच पाण्यावर. पाळीवरून जुंपली ती जुंपलीच. चर्चमध्ये मिस्सालाही एक डावीकडे, एक उजवीकडे. सेलिनची एवढीच इच्छा होती, की दोघांपैकी एकाला मातीत ठेवायच्या आधी त्यांनी एकदा तोंड उघडावं. प्लासिड म्हणे, “तो बोलला तर मी बोलेन.” फेबियनचं उत्तरही अक्षरशः तेच. शेवटी भाऊच ते. सेलिनचं कार्ड मात्र फेबियनकडे दरवर्षी जाई, कारण कार्डाला कोणी बोलणं म्हणत नसे.

सत्त्याण्णव साली फेबियनला काविळीने हॉस्पिटलात नेलं. तो नाताळ बघत नाही, असं आळीने ठरवूनच टाकलं. प्लासिड भेटायला गेला नाही. रोज सकाळी केळी घेऊन बाजारात मात्र जाई. सेलिनने त्या वर्षीची जांभळी कार्डं केली तेव्हा एक जास्तीचं केलं आणि पाकिटावर फेबियनच्या बायकोचं नाव घातलं: ‘जॉयस आणि मुलं’. तिला ते करताना भयंकर वाटलं. पण ब्रश एकदा जांभळा झाला होता, पुन्हा कोण करत बसणार?

फेबियन बरा होऊन घरी आला. सेलिनने त्याच्यासाठी चांदणीचं कार्ड करायचं ठरवलं, मग गाळ्यात जादा काम आलं, घरी नाताळचा फराळ आला आणि ते राहून गेलं. चोवीस तारखेला सकाळी तिने गठ्ठा उचलला आणि वाटून आली.

दुपारी फेबियन दारात. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटावा इतका तो वाळला होता.

“वयनी, मी मेलो कधी?”

सेलिनने तोंडावर हात ठेवला.

“आनि पाकिटावर माझं नावपन नाय! जॉयस आनि मुलं! मी गेलो कुठं?”

आतून प्लासिड बाहेर आला. “ओरडू नको. डॉक्टरने बोलायचं कमी कर सांगितलंय ना तुला?”

“ते तुला कोनी सांगितलं?”

प्लासिड खांबाकडे बघत राहिला. “वॉर्डबॉयने. गेटवर येत होतो मी रोज.”

“मग वर का नाय आलास?”

“तू बोलला नसतास तर?”

फेबियन पायरीवर बसला. सेलिनने पाणी दिलं आणि कार्ड परत मागितलं, चुलीत घालते म्हणाली. त्याने ते खिशात ठेवलं. “राहू दे. लागेल कधीतरी.”

त्यानंतर भाऊ बोलू लागले. म्हणजे मुख्यतः पंपावरून भांडू लागले, पण आता समोरासमोर आणि मोठ्याने. सेलिनला तेवढं पुरे होतं.

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये प्लासिड झोपेतच गेला. कुजबुज झालीच, की सेलिन रडली नाही. ती आल्यागेल्यांच्या चहाचं बघत होती.

नोव्हेंबरात तिने नेहमीप्रमाणे पुठ्ठे काढले. त्या वर्षी आळीत सुतक एकाच घरी होतं, तिच्या. स्वतःला कार्ड कसं करायचं? जांभळ्या रंगाची बाटली तिने उघडलीच नाही, लाल-पिवळी कार्डं केली आणि वाटली. आपल्याला कोणी देणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं वाईट वाटलं, असं तिने नंतर स्वतःच मला सांगितलं.

नाताळच्या मिस्सानंतर फेबियन आला. बसला नाही. टेबलावर एक पाकीट ठेवलं, कडेला कसरीने खाल्लेलं. ‘जॉयस आणि मुलं’वर बॉलपेनने काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘सेलिन वयनी’. आतली ज्योत फिकी पडली होती, पण होती.

“मला करता येत नाय,” तो म्हणाला, “म्हनून तुझंच आनलं.”

तेव्हा सेलिन रडली. शेजारच्या घरांत ऐकू गेलं.