केंद्रकाबाहेर अडवलेलं

"तू बोलू नको. तू नुसत्या शीट बदल."

भरल्या वर्गात सरांनी मला प्रोजेक्टरशेजारी उभं केलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. सेमिनारचे विषय आमच्याकडं चिठ्ठ्या टाकून वाटायचे. पेशीला बाहेरून निरोप मिळाला की जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात कसं शिरतं, ही चिठ्ठी मला लागलेली. वर्ग हसला होता, कारण हा विषय कुणालाच नको होता. लोणी भापकरहून एसटीनं जाता-येता मी महिनाभर तेच वाचलं. प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीट रंगीत पेनांनी स्वतः काढल्या.

मग कळलं, पुण्याहून पाहुण्या प्राध्यापिका ऐकायला येणार. झालं! विषय गेला एका बड्या बागायतदाराच्या पोराकडं. सर म्हणाले, "तू हाय-न्हाय करत बसशील. आणि तुम्हाला सवलती आहेत की, सेमिनार कशाला हवाय?" 'तुम्हाला' म्हणजे कुणाला, ते अख्ख्या वर्गाला कळलं. बौद्धवाड्यातल्या आम्हाला. मी खाली मान घातली. त्या खाली घातलेल्या मानेची मला आजही चीड येते.

पोरगा पाठ केलेलं घडाघडा बोलला. पाहुण्या बाईंनी विचारलं, "निरोप आल्यावर काही मिनिटांत हे प्रथिन केंद्रकात दिसतं. इतक्या लवकर येतं कुठून?"

"नवीन तयार होतं," पोरगा म्हणाला.

आणि सरांनी मान डोलावली. सरांनी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. उत्तर माझ्या हातातल्या शीटवर काढलेलं होतं. मी ती प्रोजेक्टरवर ठेवलीच नाही. तोंड उघडलं.

"न्हाय मॅडम. ते आधीच तयार असतंय. केंद्रकाच्या भायेर दुसरं एक प्रथिन त्याला धरून बसल्यालं असतंय. निरोप आला की त्या धरणाऱ्याचाच नाश व्हतो. मग हे सुटतंय आन् आत जातंय."

"तुला विचारलं का?" सर ओरडले.

"न्हाय. पण उत्तर मला येतंय."

बाई काहीतरी वहीत लिहीत राहिल्या. त्यांनी माझी बाजू घेतली नाही.

संध्याकाळी सरांनी बोलावून सांगितलं, माफीपत्र दे, नाहीतर सेमिनारला शून्य. घरी वडील काकुळतीला आले. "लिव बाई. हातातला पहिला वर्ग जाईल."

"जाऊ द्या आबा. चूक त्यांची आन् माफी म्या मागू? लई झालं."

शून्य घेतलं. पहिला वर्ग थोडक्यात गेला. अजून डाचतं, खोटं कशाला सांगू?

आज मी इंदापूरला हाच विषय शिकवते. तेव्हा मला ठाऊक नसलेली एक गोष्ट आता पोरांना सांगते. आत शिरलेलं हे प्रथिन जी जनुकं चालू करतं, त्यांत त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचंही जनुक असतं. म्हणजे आत गेलेलंच नवा अडवणारा घडवतं. पेशीला त्याची गरज असते, नाहीतर जनुकं चालूच राहतील आणि तिचा ताल सुटेल. पण आमच्यातलेही काहीजण खुर्ची मिळाली की हेच करतात. आपल्याच माणसांना दारात ताटकळत ठेवतात. बघितलंय मी.

मी पेशी नाही. मी आत आलेय, आणि माझ्या हातून एकही अडवणारा घडणार नाही.