बिनकूलरच्या खोलीतली गुराब

मालवणहून निघाले तेव्हा आई म्हणाली, "जहाज बघायला समुद्राकडे पाठ करून चाललीस?" खरंच तसं होतं. आमच्या छोट्या पत्रिकेत मी एक जळजळीत लेख लिहिला होता : आरमार सरदारांनी नाही, सुतारांनी उभं केलं. सोबत गुराबेचं (जुन्या लढाऊ जहाजाचं) चित्र होतं. त्यावर हिंगणघाटहून पोस्टकार्ड आलं : "लेख बरा आहे. पण फळ्या नाळेपर्यंत (जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत) एकाच रुंदीच्या काढल्यात. सुताराची बाजू घेता, तर आधी त्याचं काम पाहा."

म्हणून भर मे महिन्यात नागपूरहून बसने हिंगणघाट गाठलं. वणा नदीत पाण्यापेक्षा खडक जास्त. स्टँडवर तर्री-पोहे (तिखट रस्सा घातलेले पोहे) खाल्ले आणि डोळे पुसत पत्ता शोधला.

पोस्टकार्डवाले जनार्दनकाका बंद पडलेल्या कापड गिरणीत सुतार होते. गिरणीचे दरवाजे मोडीत निघाले तेव्हा त्यांनी थोडं सागवान घरी आणलं. त्याच्या पातळ पट्ट्या चिरून ते हातभर लांबीची गुराब बांधत होते.

"हे लाकूड सरलं का सरलं," ते म्हणाले. "गिरणी आता एवढीच उरली."

मग त्यांनी काम दाखवलं. पट्टी भिजवायची, तापल्या नळीवर हळूहळू वाकवायची, सांगाड्याला चिमट्यांनी बांधून पुरती वाळू द्यायची आणि मगच सरस लावायचा. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे, नाहीतर कणा पीळ खातो. आणि नाळेकडे प्रत्येक पट्टी तासून निमुळती करायची.

"तुमच्या चित्रातल्या फळ्या नाळेवर एकमेकीच्या उरावर चढतीन, पोरी!"

चूक मी वहीत टिपून घेतली. पण शेजारीच त्यांची बायको शालूकाकू चुलीपुढे भाकरी थापत घामाने निथळत होत्या आणि खिडकीतला कूलर बंद; बोटीसाठीच असणार. काका पीठ आणायला चक्कीवर गेले, काकू मागे भांडी घासायला. माझं डोकं आधीच तापलेलं. पुरुषाच्या छंदापायी घरातल्या बाईने का भाजून निघायचं? मी कूलरचं बटण दाबलं. गार, ओला झोत थेट गुराबेवर आला. मला तर न्याय केल्यासारखं वाटलं.

अर्ध्या तासाने 'टक्' असा आवाज झाला. सकाळीच चिकटवलेली नाळेवरची पट्टी फुगून सुटली होती. दारात काका उभे. त्यांनी आधी कूलर बंद केला, मग पट्टी हळूच सोडवायला गेले. ती मधोमध चिरली.

"काऊन लावला वं?"

"काकू उकडून निघाल्या होत्या! तुमच्या बोटीसाठी त्यांनी का सोसायचं?"

काकू ओल्या हातांनी आत आल्या. "मले इचारलं का तू? कूलर म्याच बंद ठेवला. मांगच्या उन्हाळ्यात याच्या ओल्या हवेत पट्ट्या लावल्या, अन् तो थांबला तशा त्या आकसून साऱ्या फटी उघडल्या. दोघांनी मिळून उकलली ती बोट. दोर सारे माह्याच हातचे आहेत." त्यांनी डबा उघडला. सुताला पीळ देऊन, मेण लावून वळलेले बारीक दोर.

काका कोपऱ्यातलं लाकूड उलथंपालथं करत होते. अखंड पट्टी एकही नव्हती, दोन आखूड तुकडे तेवढे. ते खाली बसले.

"असे काय बसले?" काकू म्हणाल्या. "खऱ्या जहाजाले तरी एवढं लांब लाकूड कोण देत होतं? जोड द्या."

"जोड सांगाड्याच्या फासळीवर आला पायजे," काका पुटपुटले. "अन् शेजारच्या जोडाच्या रेषेत नको." पण पुटपुटतानाच त्यांनी करवत उचलली.

टोकं तिरपी कापली, वाकवली, उन्हात वाळवली. सरस लावल्यावर चिमटा जिथे पोचेना, तिथे माझा अंगठा. "हलजो नको," काका म्हणाले. पाऊण तास मी घामाने आंघोळ केली. काकू समोर बसून पदराने वारा घेत होत्या. फक्त स्वतःला.

"पायजे का कूलर?" त्यांनी विचारलं, आणि काकासुद्धा हसले.

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी चिमटे काढून काकांनी नखाने ठोकून पाहिलं. "धरलं," ते म्हणाले. काकूंनी लगेच दोरांचा डबा पुढे ओढला.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून गरम वारा येत होता. दुसऱ्यांच्या बाजूने बोलायची मला सवय आहे आणि ती मी सोडणार नाही. पण काकूंना विचारायला एक वाक्य लागलं असतं. ते मी वाचवलं आणि गिरणीच्या सागाची शेवटची अखंड पट्टी गेली.