डेलमार प्रुइटचं शेवटचं वाजवणं

कंट्री गायक रॉइस हॅडली कडवं संपवून माइकपासून मान मागे घ्यायचा, तेवढ्या फटीत जी गिटार वाजायची ती डेलमार प्रुइटची. गिटार रॉइसच्याही गळ्यात असायची, त्यामुळे पुष्कळांना वाटायचं तोच वाजवतोय. डेलमारला त्याचं काही नसे. तो रॉइसच्या डाव्या हाताला, थोडा मागे, दिव्याच्या उजेडाच्या कडेला उभा राहायचा. केंटकीतल्या खाणवस्तीत जन्मलेला हा माणूस विशीत नॅशव्हिलला आला, काही दिवस गुत्त्यांत वाजवलं, आणि मग रॉइसच्या दौऱ्यांच्या बसमध्ये चढला तो मेल्यावरच उतरला. नॅशव्हिलजवळच्या आमच्या मॅडिसनमध्ये लोक असं म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. इलिनॉयमधल्या एका जत्रेतला कार्यक्रम आटोपून परतताना, बसमधल्या त्याच्या अरुंद बिछान्यात, झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

आमचं घर त्याच्या घराला लागून. तो गावी असला की उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरातलं सगळं आमच्या अंगणात ऐकू यायचं. मिस ओलीटा (आमच्याकडे सत्तरीच्या लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिसच म्हणतात) टेबलाशी बसून शेंगा मोडायची आणि हा फ्रीजशेजारच्या खुर्चीत बसून वाजवायचा. चर्चमधली भजनं, नाचाच्या जुन्या चाली, कधी नुसतंच काहीतरी. बोलणं मात्र नाही. माझ्या आईनं एकदा ओलीटाला विचारलं होतं, "लग्नाचं विचारताना तरी तोंड उघडलं का यानं?"

"छे! वाजवत बसला," ओलीटा म्हणाली. "मला वाटलं, गाणं संपलं की विचारेल. गाणं काही संपेना. शेवटी कंटाळून मीच हो म्हटलं."

दोन वर्षांपूर्वी ते वाजवणं थांबलं. त्याचे हात थरथरायला लागले होते. कप बशीत ठेवताना खडखड व्हायचा. गिटारची पेटी दाराशी उभी असायची, बसची वाट बघत, पण घरात ती उघडली जात नसे. ओलीटानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोटांत आता थोडंच उरलंय, ओली. ते रस्त्यासाठी राखून ठेवतो, गावोगावच्या कार्यक्रमांना."

"राखू दिलं मी," त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी ती मला सांगत होती. "म्हटलं, त्याची भाकरी आहे ती. मला काय, मी आयुष्यभर ऐकलंय. पण आता मला ते हवंय, केंड्रा. ही दोन वर्षं. तू मशीनचं शिकलीस ना?"

मी साउंड इंजिनीअरिंग शिकले आहे आणि रविवारी चर्चचा साउंड सांभाळते. मी मान हलवली.

"मग अंत्यविधीला जुन्या रेकॉर्डी लावू नकोस. त्यांच्यात तो पोरगा आहे. मला म्हातारा पाहिजे. तो शेवटचा कार्यक्रम लाव. रस्त्याला जे दिलं ते एकदा मला ऐकू दे."

मला हे काम सोपं वाटलं, आणि खरं सांगायचं तर उत्साहही वाटला. रॉइसचा साउंड बघणारा गेन्स प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतो हे मला माहीत होतं, आणि तोही असा की प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा. म्हणजे ड्रम, व्हायोलिन, रॉइसचा गळा हे सगळं बाजूला करून एकटा डेलमार काढता येईल. मी दुपारीच गेन्सच्या घरी गेले. तो गॅरेजमध्ये केबल गुंडाळत होता. मी काय मागते आहे ते कळल्यावर त्यानं गुंडाळी खाली ठेवली.

"जे गिटारचं म्हणून बाहेर ऐकू येतं ना, ते कोल्टनं वाजवलंय," तो म्हणाला.

"कोण कोल्ट?"

"नवा पोरगा. ड्रमच्या मागे, पडद्याआड बसतो. गेली दोन वर्षं डेलमारचं सगळं तोच वाजवतो. डेलमारचा आवाज मी लोकांच्या स्पीकरमध्ये सोडतच नव्हतो. रॉइसनंच सांगितलं होतं. त्याच्यानं डेलमारला काढवेना, आणि तसं वाजवणं तिकिटं काढून आलेल्या लोकांना ऐकवताही येईना."

"आणि डेलमारला हे माहीत नव्हतं?"

"आम्ही सगळे कानात इअरफोनची बोंडं घालून असतो, एकमेकांचं त्यातच ऐकतो. त्याला ती आवडत नसत. त्याचा तो छोटा स्पीकर पाठीमागे असायचा, त्यात तो स्वतःला ऐकायचा. त्याला वाटायचं सगळं नेहमीसारखंच चाललंय." गेन्स माझ्याकडे बघत नव्हता. "त्या स्पीकरपुढचा माइक चालूच होता. म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग आहे. मी ते कधी उघडलं नाही. साउंडच्या मिक्सरवर त्याच्या बटणावर काळी पट्टी चिकटवली होती मी, दिसू नये म्हणून. ऐक माझं, पोरी. कोल्टचं लाव. पोरगा हुबेहूब वाजवतो. चर्चमध्ये एकाला कळलं तर मला सांग."

मी डिस्क घेऊन घरी आले आणि आधी डेलमारचा ट्रॅक उघडला. कितीही वाईट असलं तरी ते त्याचं होतं. थरथरतं असेल, चुकत असेल, पण ओलीटाला तेच हवं होतं.

शेवटच्या कार्यक्रमात त्याच्या ट्रॅकवर त्याची गिटार नव्हती. लांबचा ड्रम, लांबचा रॉइस, लांबून येणारी कोल्टची गिटार, लोकांच्या टाळ्या, आणि जवळ, अगदी माइकजवळ, लाकडावर बुटाचा ताल. डेलमार जिथे उभा होता तिथून जे ऐकू येतं ते सगळं होतं, फक्त डेलमार सोडून. मला वाटलं, केबल निघाली असेल. मी त्याआधीचा कार्यक्रम उघडला. मग त्याआधीचा. तसंच. मागे मागे जात मी दोन वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमाशी पोचले. तिथे तो वाजवत होता. एका संथ गाण्यात त्याची वेळ आली. तो एका सुरावर गेला आणि बोट घसरलं. पुन्हा गेला, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा नुसतीच तार करकरली. मग, मूल झोपलं की आपण रेडिओ हळूहळू कमी करतो ना, तसा त्याच्या गिटारचा आवाज कमी कमी होत गेला. गिटारवरचं बटण त्यानं स्वतःच्या हातानं फिरवलं होतं. पुढे फक्त बूट. ते बटण त्यानं पुन्हा कधीही वर केलं नाही.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. पडद्यामागून आपलंच वाजवणं येतंय हे ऐकत तो रोज रात्री टोपी घालून उजेडाच्या कडेला उभा राहिला आणि मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिला. रॉइसला वाटायचं त्याला कळत नाही. त्यानं रॉइसला तसं वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी ओलीटाकडे गेले, तेव्हाही काय करायचं ते माझं ठरलं नव्हतं. टेबलावर जागा नव्हती, इतकं जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून ठेवलं होतं. तिनं कोंबडीच्या दोन थाळ्या सरकवून माझ्या लॅपटॉपला जागा केली, आणि मी, घाबरून, कोल्टचं लावलं.

पहिलीच ओळ पुरी झाली असेल.

"हा कोण?" ती म्हणाली.

"मिस ओलीटा, शेवटच्या कार्यक्रमाचं आहे हे."

"कार्यक्रम कुठलाही असू दे. वाजवणारा कोण? डेलमार इथे घाई करत नाही. मी जन्मभर याच ठिकाणी शेंग हातात धरून थांबलेय, तो पुढे जाईपर्यंत." तिनं चष्मा काढला. "बस बाई नीट, आणि सांग."

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं त्याचा ट्रॅक मागितला, तेव्हा मी तो लावून दिला, आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. एका गाण्यानंतर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"या कुणासाठी?"

"कोल्टच्या वाजवण्यासाठी असतील."

"लोकांकडे बघून हसलाही असेल हा," ती म्हणाली. "टोपीला हात लावून. शिकवलंय ना आईनं." आणि मग, "म्हणजे इथेही नाही आणि तिथेही नाही. कुठेच वाजवलं नाही यानं."

"ते दोन वर्षांपूर्वीचं आहे," मी म्हटलं. "थोडंसंच. चुकलेलं. ते लावू?"

"नको. ते त्यानं स्वतःच बंद केलंय."

अंत्यविधीत चर्चमध्ये काहीही वाजलं नाही. रॉइस आला होता, काळ्या सुटात, काठी घेऊन. तो उभा राहून बोलला आणि चांगलं बोलला. "परवा जत्रेत," तो म्हणाला, "माझ्या या भावानं असं वाजवलं, की मला मागे वळून बघावंसं वाटलं." मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. शेवटच्या बाकावर एक सडपातळ मुलगा मान खाली घालून उठला आणि बाहेर गेला. तोच कोल्ट असणार.

नंतर चर्चच्याच तळघरात जेवण होतं. ओलीटा खुर्चीत बसली होती आणि लोक रांगेनं येऊन तिचा हात हातात घेत होते. रॉइसही त्याच रांगेतून आला.

"मॅडम, एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी," तो वाकून म्हणाला. "शेवटी शेवटी त्याला जड जात होतं. पण मी त्याला काढलं नाही. मॅनेजर मागे लागला होता. मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर नाही."

"काढायला हवं होतंत," ओलीटा म्हणाली.

"मॅडम?"

"घरी आला असता. महिनाभर रुसून बसला असता. मग कधीतरी पेटी उघडली असती आणि चुकत चुकत वाजवलं असतं. मला चाललं असतं, मिस्टर हॅडली. मी काय तिकीट काढून बसणार होते?"

"माझ्यानं झालं नाही, मॅडम," रॉइस म्हणाला. "त्याला तोंडावर सांगणं माझ्यानं झालं नाही."

"माहितेय. त्याच्यानंही झालं नाही. मलाही सांगितलं नाही त्यानं."

तिनं त्याचा हात थोपटला आणि सोडला. त्याच्या मागे चर्चमधली एक म्हातारी उभी होती. तिनं ओलीटाचे दोन्ही हात धरले आणि आमच्याकडे अशा वेळी म्हणतात तेच म्हणाली, "आता तो वर देवापुढे वाजवत असेल गं."

"हो, असेल," ओलीटा म्हणाली.

म्हातारी पुढे गेल्यावर ओलीटा माझ्याकडे न बघताच पुटपुटली, "आधी रस्त्याला, आता देवाला."

रांगेतली पुढची बाई आली, आणि तिनंही तेच म्हटलं.