आधी रक्त तपासा

“हा हायपरथायरॉइडिझम आहे. म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडतेय,” हॉस्पिटलातले नवे डॉक्टर म्हणाले. “इतके महिने काय करत होतात?”

श्वासाचे व्यायाम करत होते, असं सांगताना मला स्वतःची भयंकर चीड आली. मी सायकोथेरपिस्ट. बावीस वर्षं बंगळुरूत हेच काम करतेय, त्यातली निम्मी वर्षं दर रविवारी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या मोफत समुपदेशन केंद्रात. छातीत धडधड, हाताला कंप, झोप नाही, वजन उतरलेलं. कामाचा ताण, दुसरं काय, असं मीच ठरवून टाकलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनीही माझा व्यवसाय माहीत असल्यानं हसून घालवलं. रक्त तपासायला सुई कुणीच टोचली नाही.

रिपोर्ट हातात घेऊन बाकावर बसले आणि गिरिजा आठवली. निपाणीकडची, पीण्यातल्या नट-बोल्टच्या कारखान्यात पॅकिंग करणारी. सहा महिन्यांपूर्वी ती हीच लक्षणं घेऊन माझ्यासमोर बसली होती. नवऱ्याचं पिणं, सासूची कटकट ऐकली आणि मी निदान करून मोकळी झाले. महिनाभर तिला श्वास मोजायला लावले. मग ती यायची थांबली. ‘रेझिस्टन्स’ असं मी फाइलमध्ये लिहिलं, म्हणजे पेशंटचं मनच उपचाराला विरोध करतंय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तो हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीवर गेले. ती निम्मी झाली होती. हात कापून माल सांडतो म्हणून तिला कामावरून काढलं होतं.

“तुमी सांगितलासा तसंच केलं की अक्का,” ती म्हणाली. “धडधड थांबंना. मलाच जमंना म्हणून लाज वाटली.”

मी माफी मागितली. तिला तपासणीला घेऊन गेले. तोच आजार निघाला.

आता केंद्रात नवीन आलेल्या माणसाची आधी रक्ततपासणी होते, मग बोलणं. तुम्हाला कुणी नुसतं बघून “टेन्शन आहे” म्हटलं, तर उठा आणि तपासणी मागा. समोर मी असले तरी मागा.

गोळ्यांनी माझे हात दोन महिन्यांत स्थिर झाले. डॉक्टरांचे आभार मानलेच पाहिजेत. गिरिजाचाही कंप गेलाय, पण कारखान्यानं तिला परत घेतलं नाही. मी जाऊन भांडले, उपयोग झाला नाही. फोन केला की ती कानडीत “सरी अक्का”, म्हणजे ‘बरं अक्का’, एवढंच म्हणते. केंद्रात मात्र येत नाही, आणि मी तिला ये म्हणत नाही.